कानातील आवाज आणि डोकेदुखी : आधी ठेका विचारावा

डोके दुखते आणि त्याच वेळी कानात आवाजही येतो, असे कोणाला सांगितले तर आपल्याकडे दोन उत्तरे ठरलेली असतात. एक ‘बीपी बघून घ्या’ आणि दुसरे ‘सायनस असणार’. दोन्ही गोष्टी तपासायला हरकत काहीच नाही. परंतु रक्तदाब थोडाफार वाढल्याने सहसा डोके दुखत नाही. तो १८०/१२०च्या घरात पोहोचला तरच डोकेदुखीचा दोष त्याच्यावर टाकता येतो. ज्या दुखण्याला लोक परस्पर सायनसची डोकेदुखी म्हणून मोकळे होतात, ते नीट तपासल्यावर पुष्कळदा अर्धशिशीच निघते. मला अर्धशिशी कॉलेजात असल्यापासून आहे आणि डाव्या कानातला रातकिड्यांसारखा किर्र आवाज चाळिशीनंतर सुरू झाला. या दोन दुखण्यांचे आपसांत काही नाते आहे का आणि असल्यास त्यातले घाबरण्याजोगे कोणते, हे समजून घेण्यासाठी जे वाचले आणि डॉक्टरांना जे विचारले, ते येथे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांविषयी जे येईल ते माहिती म्हणून वाचावे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत आणि कर्णनाद हा त्यांपैकी एक आहे. पुढे मस्तकाचे ११ रोग येतात आणि त्यांत अर्धावभेदक, म्हणजे आपली अर्धशिशी, येते. दोहोंचे अध्याय वेगळे असून मधले अध्याय नाकाच्या रोगांना दिलेले आहेत. आजच्या रुग्णालयांतही जवळपास तशीच मांडणी असते. कानाची तक्रार नाक-कान-घशाच्या विभागात जाते, डोक्याची मेंदूविकारतज्ज्ञांकडे, आणि दोन्ही असलेला माणूस दोन फायली घेऊन दोन मजल्यांवर फिरतो. कानाच्या डॉक्टरांना डोकेदुखीविषयी सांगायचे रुग्णाला सुचत नाही आणि डोक्याच्या डॉक्टरांपुढे बसल्यावर कानातला आवाज फारच किरकोळ वाटतो.

संबंध शोधण्याआधी योगायोगाची शक्यता मोजून घ्यायला हवी. कानात आवाज येण्याविषयी जगभर झालेल्या अभ्यासांचे २०२२ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले. त्यानुसार प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना हा अनुभव येतो, म्हणजे ७४ कोटींहून अधिक माणसांना, आणि त्यांतल्या सुमारे १२ कोटींना तो तीव्र स्वरूपात छळतो. अर्धशिशी असणाऱ्यांची संख्या शंभर कोटींच्या आसपास मानली जाते. इतक्या सर्रास आढळणाऱ्या दोन तक्रारी एकाच माणसात केवळ योगायोगानेही पुष्कळदा एकत्र येणार. याखेरीज पूर्ण शांततेत बसवले तर निरोगी माणसालाही काहीतरी ऐकू येते. हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी १९५३ मध्ये ऐकू चांगले येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत काही मिनिटे बसवले, तेव्हा त्यांतल्या ९४ टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज ऐकू आल्याचे सांगितले. खोलीत अर्थातच आवाज नव्हता.

तरीही सगळे योगायोगावर सोडून देता येत नाही, असे दोन अभ्यासांवरून दिसते. जर्मनीतील रेगेन्सबर्ग येथील संशोधकांनी २०१५ मध्ये ज्यांना दोन्ही तक्रारी आहेत अशा रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा डोके ज्या बाजूचे दुखते त्याच बाजूच्या कानात आवाज येण्याकडे ठळक कल दिसला, आणि अनेकांच्या बाबतीत एक तक्रार वाढली की दुसरीही वाढत असल्याचे आढळले. निव्वळ योगायोग असता तर डावे-उजवे जुळण्याचे काही कारण नव्हते. तैवानमधील संशोधकांनी २०१८ मध्ये आरोग्यविम्याच्या नोंदी वापरून अर्धशिशी असलेल्या आणि नसलेल्या लोकांची तुलना केली, तेव्हा अर्धशिशीवाल्यांमध्ये पुढे कानात आवाज सुरू होण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट दिसले. यावरून काही जण ‘शंखिकेची अर्धशिशी’ असा वेगळा आजार मानावा असे सुचवतात. आंतरकर्णातल्या शंखाकृती अवयवाला, कॉक्लियाला, येथे शंखिका म्हटले आहे. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या २०१८च्या वर्गीकरणात मात्र हा प्रकार नाही, आणि तो घाईने आणू नये असे माझे मत आहे, कारण मग कानात किर्र झाले की अर्धशिशीच्या गोळ्या सुरू करण्याची सोपी पळवाट निघेल.

ही सांगड शरीरात नेमकी कुठे पडते? चेहरा, कपाळ, जबडा आणि मेंदूची आवरणे यांच्या संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नस अर्धशिशीच्या वेदनेत मुख्य असते. याच नसेचे तंतू शंखिकेच्या रक्तवाहिन्यांपर्यंतही पोहोचतात. शिवाय कानाकडून आलेले संदेश मेंदूत शिरताना ज्या पहिल्या ठाण्यावर थांबतात, तेथेच जबड्याकडून आणि मानेकडून येणारे संदेशही येऊन मिळतात. म्हणून काही लोकांनी दात घट्ट आवळले किंवा मान एका बाजूला वळवली की कानातल्या आवाजाची पट्टी किंवा जोर बदलतो. हे घरच्या घरी करून पाहता येते. माझ्या बाबतीत दात आवळल्यावर किर्र आवाज स्पष्टपणे वरच्या पट्टीत जातो, आणि हे मी सांगितले तेव्हा डॉक्टरांना मुळीच नवल वाटले नाही.

दुसरी बाजू सवयीची आहे. घराखाली पिठाची गिरणी असणाऱ्या माणसाला काही दिवसांनी गिरणी ऐकू येईनाशी होते, कारण तोच तोच आवाज मेंदू बाजूला सारायला शिकतो. अर्धशिशीवाल्यांचा मेंदू हे शिकण्यात कच्चा पडतो, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. एकसारखे दिवे किंवा आवाज पुन्हा पुन्हा दाखवले-ऐकवले तरी त्याची प्रतिक्रिया इतरांसारखी ओसरत नाही, आणि हे डोके दुखत नसतानाच्या काळातही घडते. कानातला आवाजही मुळात असाच आहे. वय, गोंगाट किंवा अन्य कारणाने कानाकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू उरलेल्याची पातळी चढवतो, आणि ती चढलेली पातळी आपल्याला किर्र किंवा शिट्टी म्हणून ऐकू येते. ज्याचा मेंदू मुळातच नको ते सोडून द्यायला नाखूश आहे, त्याला ती शिट्टी अधिक बोचणार हे उघड आहे. थोडक्यात, बहुतेकांच्या बाबतीत कानामुळे डोके दुखत नाही आणि डोक्यामुळे कान वाजत नाही. दोन्ही एकाच तापट मज्जासंस्थेच्या तक्रारी असतात.

काही वेळा कानातला आवाज हा अर्धशिशीच्या झटक्याचाच भाग असतो. मस्तिष्कस्तंभाच्या, म्हणजे मेंदूच्या बुंध्याच्या, पूर्वसूचनेसह (डोके दुखण्याआधी जाणवणाऱ्या लक्षणांसह) येणारी अर्धशिशी, जिचे वर्णन बिकरस्टाफ या ब्रिटिश वैद्यांनी १९६१ मध्ये केले, तिच्या निकषांत कानातला आवाज, चक्कर, बोलणे अडखळणे, दोन-दोन दिसणे, तोल जाणे आणि ऐकू कमी येणे ही लक्षणे येतात. त्यांपैकी किमान दोन असावी लागतात आणि ती काही वेळाने पूर्णपणे निवळतात. प्रकार विरळा आहे, आणि अशी लक्षणे पहिल्यांदाच आली तर ती अर्धशिशीची समजून घरी पडून राहू नये, कारण पक्षाघातातही हीच लक्षणे दिसतात. दुसरा प्रकार चक्कर मुख्य असणाऱ्या अर्धशिशीचा आहे. तिचे निकष २०१२ मध्ये ठरले. या प्रकारात कानाला दडे बसणे आणि आवाज येणे पुष्कळांना जाणवते. येथे घोटाळा होतो तो आंतरकर्णाच्या मेनिएर नावाच्या आजाराशी, ज्याचे वर्णन प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ मध्ये पॅरिसमध्ये केले. मेनिएरमध्येही चक्कर, दडे आणि आवाज असतात, पण चक्करचा झटका वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत टिकतो, आवाज बहुधा खर्जातला, घुमल्यासारखा असतो आणि श्रवणचाचणीत खालच्या पट्टीतले ऐकणे कमी झालेले दिसते. दोन्ही आजार एकाच माणसात असणेही दुर्मीळ नाही.

दोन्ही तक्रारी असलेल्यांना एक विचित्र पेच रोज सोडवावा लागतो आणि त्याविषयी लिहिलेले मला फारसे कुठे सापडले नाही. अर्धशिशी चढली की खोलीत अंधार हवा असतो आणि आवाज नको असतो. शेजारच्या खोलीतला कुकरही कपाळात वाजतो. म्हणून दारे-खिडक्या लावून घेतल्या, टीव्ही बंद झाला, घरची माणसे कुजबुजत बोलू लागली की त्या शांततेत कानातला किर्र आवाज एकदम पुढे येतो आणि त्याच्यापासून लपायला जागा उरत नाही. कानाचे तज्ज्ञ सांगतात की पूर्ण शांतता टाळा, पार्श्वभूमीला हलका आवाज ठेवा; आणि डोके सांगते की एकही आवाज नको. यावर मला जमलेला तोडगा छताच्या पंख्याचा आहे. त्याचा आवाज पसरट असतो, त्यात अर्थ नसतो, चढउतार नसतो आणि तो कानातल्या आवाजापेक्षा किंचित खाली ठेवता येतो. गाणे, बातम्या किंवा समुद्राच्या लाटांची ध्वनिफीत यांपैकी काहीही मला झटक्यात चालत नाही. लाटा तर मुळीच नाही, कारण त्या येतात आणि जातात. कापसाचे बोळे किंवा प्लग घालून बसण्याने बाहेरचा आवाज थांबतो पण आतला दुप्पट होतो. गर्दीच्या, गोंगाटाच्या जागी प्लग जरूर वापरावेत. घरात दिवसभर नव्हे, कारण कानाला सतत झाकून ठेवले तर साधे आवाजही पुढे पुढे सहन होईनासे होतात.

आता त्या प्रश्नाकडे येते, जो मला पहिल्याच भेटीत विचारला गेला आणि जो प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवा. आवाज सलग आहे, की नाडीच्या ठेक्यावर येतो? मनगटावर बोटे ठेवावीत आणि कानातला ‘हुश्श हुश्श’ किंवा ‘धप धप’ त्याच्याशी जुळतो का ते पाहावे. सलग किर्र, शिट्टी, गुंई हा प्रकार त्रासदायक असला तरी बहुधा निरुपद्रवी असतो. नाडीबरोबर येणारा आवाज हा मात्र बहुतेक वेळा खराखुरा आवाज असतो, कोठेतरी रक्त खळखळत जात असल्याचा, आणि त्याचे कारण शोधावेच लागते. सोबत डोके दुखत असेल तर उशीर अजिबात करू नये.

माझ्या मावसबहिणीच्या मुलीची गोष्ट याच प्रकारातली आहे. विशी ओलांडलेली मुलगी, वर्षभरात वजन बरेच वाढलेले, चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या सुरू. डोके रोज दुखू लागले, सकाळी जास्त. वाकून बूट घालताना क्षणभर डोळ्यांपुढे राखाडी पडदा येई, आणि रात्री उशीवर कान टेकला की हृदयाच्या ठोक्याबरोबर हुश्श आवाज. चष्म्याचा नंबर तपासून झाला, तो बदलला नव्हता. नेत्रतज्ज्ञांनी बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा पाहिला तेव्हा दृष्टिनसेच्या मुखाशी सूज दिसली. डोक्यातील पाण्याचा दाब कोणत्याही गाठीशिवाय वाढण्याचा हा आजार मुख्यतः वजन वाढलेल्या तरुण स्त्रियांना होतो. अ जीवनसत्त्वाचा अतिरेक, मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन आणि डॉक्सिसायक्लिनसारखी टेट्रासायक्लिन गटातली औषधे हे त्याला कारणीभूत ठरू शकतात. क्विन्के या जर्मन वैद्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे वर्णन केले होते, आणि पाठीतून पाणी काढून दाब मोजण्याची पद्धतही त्यांचीच. प्रौढांत हा दाब पाण्याच्या २५ सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाहून अधिक असेल तर तो वाढलेला मानतात. मेंदूचा आणि तेथील शिरांचा एमआरआय झाला, गोळी बंद झाली, दाब उतरवणारे ॲसिटाझोलामाइड सुरू झाले आणि वजन उतरवण्याचा कार्यक्रम आखला गेला. डोकेदुखी ओसरायला वेळ लागला. हुश्श आवाज मात्र आधी गेला. या आजारात नजर कायमची जाऊ शकते, म्हणूनच डोकेदुखी आणि ठेक्यातला आवाज एकत्र आले की डोळ्याचा पडदा तपासणे ही पहिली तपासणी ठरावी. त्यासाठी एमआरआयच्या तारखेची वाट पाहावी लागत नाही.

ठेक्यातल्या आवाजाची सगळीच कारणे इतकी गंभीर नसतात. रक्तात हिमोग्लोबिन कमी झाले की रक्त पातळ होऊन वेगाने वाहते, हृदय जोरात ठोके देते आणि कानात धपधप ऐकू येते. जोडीला डोकेही दुखते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हे पाहता आपल्याकडे ही स्वस्तातली तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी, पण ती बहुतेकदा शेवटी आठवते. उलट टोकाला मानेतील रोहिणीच्या भिंतीला चीर जाणे आहे. मानेला झटका बसल्यानंतर, कधी काहीच न घडता, एका बाजूची मान आणि डोके दुखू लागते, त्या बाजूची पापणी खाली उतरते आणि कानात ठेक्यावर आवाज येतो. हे तातडीचे प्रकरण आहे. पन्नाशीनंतर प्रथमच कानशिलात दुखू लागले आणि चपाती चावताना जबडा भरून येऊ लागला, तर तेथील रक्तवाहिनीला सूज असू शकते; त्यातही डोळ्यांना धोका असतो आणि स्टिरॉइड लगेच सुरू करावे लागते.

वेदनाशामक गोळ्यांचा विषय येथे टाळता येत नाही, कारण तो दोन्ही दुखण्यांच्या मधोमध बसला आहे. ॲस्पिरिन मोठ्या मात्रेत घेतले तर कानात आवाज येतो आणि ऐकूही कमी येते. औषध थांबवल्यावर हे बहुधा मागे फिरते. डोकेदुखीसाठी दुकानातून सुटी गोळी घेणारा माणूस ती कशाची आहे हे वाचत नाही, आणि आवाज डोकेदुखीमुळेच आला असे धरून आणखी एक गोळी घेतो. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस, आणि कॅफीनमिश्रित गोळ्या किंवा अर्धशिशीच्या झटक्यावर घेतली जाणारी ट्रिप्टान गटातील औषधे १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त घेतली तर गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. त्या थांबवल्यावर पहिले काही दिवस दुखणे वाढते, म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे.

जबड्याचे कारणही तपासण्याजोगे आहे. जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढ्यात असतो. अमेरिकेतील कानाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये जबडा, डोकेदुखी, दडे आणि कानातला आवाज यांची सांगड घातली. नस दाबली जाते हे त्यांचे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही, निरीक्षण मात्र टिकले. रात्री दात खाणाऱ्यांना सकाळी कानशिलात जडपणा आणि कानात आवाज असे दोन्ही जाणवू शकते, आणि त्यांच्यासाठी दंतवैद्याकडे केलेली एक फेरी कानातल्या थेंबांपेक्षा उपयोगी ठरते.

आपल्याकडच्या दिनचर्येतल्या दोन गोष्टी मला अर्धशिशीवाल्यांसाठी विशेष महत्त्वाच्या वाटतात. पहिली उपवास. रिकाम्या पोटी राहणे हे झटक्याचे ओळखीचे कारण आहे, आणि चतुर्थीला चंद्रोदयापर्यंत थांबणाऱ्या कित्येक जणींना संध्याकाळचे ठणकणे उपवासाचा भागच वाटते. सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी खाण्याचा जुना उपाय माझ्या सासूबाईंनीही सुचवला होता. तो अर्धशिशी बरी करत नाही, पण पहाटे पोटात काहीतरी पडते एवढा त्याचा उपयोग असावा. दुसरी गोष्ट गोंगाट. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि पुण्यात विसर्जनाच्या दिवशी तिचे काय होते हे सांगायला नको. ढोल-ताशाचा मला तिटकारा नाही, माझी दोन्ही भाचरे पथकात आहेत. पण सरावानंतर रात्रभर कान गुणगुणतात असे त्यांनी सांगितले, तेव्हा फोमचे प्लग आणून दिले. कानातली ती गुणगुण म्हणजे कानाला इजा झाल्याची खूण आहे, आणि दर वेळी ती पूर्ण भरून निघतेच असे नाही.

उपचारांबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. कानातला आवाज बंद करणारे मान्यताप्राप्त औषध आजवर नाही. मळ साचला असेल तर तो काढल्याने, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने, आणि आवाजाविषयीची धास्ती कमी करणाऱ्या बोधनिष्ठ वर्तनोपचाराने सर्वाधिक फायदा होतो. घरी तेल तापवून कानात घालण्याने यांपैकी काहीच साधत नाही. अर्धशिशीचे झटके कमी करण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल, ॲमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन अशी औषधे दिली जातात, आणि झटके कमी झाल्यावर माझ्या कानातला आवाज गेला नसला तरी त्याचे वाईट दिवस कमी झाले. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर मात्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांना गाठावे, कारण तेथे स्टिरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच होतो.

श्रवणचाचणीविषयी एक गोष्ट राहिली. नेहमीच्या चाचणीत २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकवले जातात. माझा आलेख ‘नॉर्मल’ आला तेव्हा मग आवाज येतो तरी कसा, असा प्रश्न घरच्यांना पडला. त्याचे उत्तर असे की ८००० हर्ट्झच्या वरचे ऐकणे त्या चाचणीत तपासलेच जात नाही, आणि कानाकडून मेंदूकडे जाणारे काही तंतू निकामी झाले तरी शांत खोलीतला तो आलेख सरळच राहू शकतो. वरच्या स्वरांची वेगळी चाचणी काही ठिकाणी होते. पुढच्या वेळी तीच करून घ्यायची असे डॉक्टरांशी बोलून ठरले आहे.